प्रियदर्शनीचे कान

— न्हाई न्हाई, मॅडम, 'रागाच्या भरात' असं लिहू नका. राग येगळा. राग आलेला माणूस आधी शिव्या देतो, अंगावर धावून येतो, चार लोकं मधी पडतात. तिनं एक शबूद काढला न्हाई. सरळ चालत आली आन् बत्ता घातला — खलबत्त्यातला, लोखंडी — ह्या उजव्या मनगटावर. हाड मोडल्याचा आवाज कानातून येतच न्हाई बघा, आतून येतो, दातात येतो. एवढा डीजे चालू, तरीबी मला आला. दोन हाडं मोडली, सळई घातलीया आत. गालावरचे हे टाके दुसऱ्या फटक्याचे. तिसरा डोक्यात बसला असता, मी खाली बसलो म्हणून डीजेच्या मिक्सरवर बसला, मिक्सरचे दोन तुकडे. आन् तुम्ही फोन करता, नांदेडला या, तुमच्याकडून काही विचारून घ्यायचंय म्हणता — मला वाटलं आता मार खाल्लेल्या माणसाचं कोणीतरी ऐकून राहिलं. हितं येऊन बघतो तर झोपाळा, हा एवढा मोठा चेंडू, वाळूचा ट्रे, बिछान्यावर ब्रश. बालवाडीच की ही. — हाव, सांगितलं तुम्ही. आवाज, उजेड, अंगाला कोणाचा हात लागणं — तुम्हाआम्हाला जेवढं लागतं त्याच्या कैक पट तिला लागतं का, ते तपासायचंय. पोलिसांनी डॉक्टरांना विचारलं, डॉक्टरांनी तुमच्याकडं पाठवलं. तपासा. पण त्यात मी कशाला? — त्या वक्ताला तिच्यासमोर मीच व्हतो म्हणून. बरं. हे बराबर हाय. विचारा.

लहानपणापासून वळखतो की तिला, कामून न्हाई. आमच्याच गल्लीतली, भोकरला, विहाराच्या मागच्या अंगाला दोन घरं सोडून. साहेबराव मामाची प्रियदर्शनी. सख्खे मामा न्हाईत, गल्लीत सगळेच म्हणतात. पोस्टात हाईत, टपाल वाटतात. मी डीजे घ्यायच्या आधी सुटे पार्ट मागवायचो पार्सलनं, तर सायकलवर बांधून मामाच आणून द्यायचे, वर म्हणायचे, आनंदराज, धंदा कर पण लोकांचे पत्रे हादरू देऊ नको. गमतीत म्हणायचे. — पोरगी कशी व्हती म्हणजे... आता खरं सांगू का, आम्ही तिला कानझाकी म्हणायचो. सगळी गल्ली म्हणायची. कुकरची शिट्टी झाली की कान झाकायची, शाळेची घंटा झाली की कान झाकायची, कोणाच्या हातातून ताट पडलं की जिथं असंल तिथं मटकन खाली. तिसरीत असताना एका बाईनं तिचे हात वढून काढले कानावरचे, तर त्या बाईच्या हाताचा लचका तोडला तिनं. रगत निघालं. त्या दिवशी मामानं पट्ट्यानं मारली तिला, अंगणात, सगळ्यांसमोर. पाठीवर वळ आले पण ती पाठ चोळंना, कानच झाकून बसलेली. आन् एका चौदा एप्रिलला मामानं खांद्यावर बसवून मिरवणुकीत नेली, पाच-सहा वर्षांची असंल, तर ढोल सुरू झाल्याबरोबर तिनं मामाचं तोंड असं ओरबाडलं, असं, की डोळा जायचा वाचला. तवापासून मामा स्वतःच मिरवणुकीत जाईनात. पट्ट्याच्या त्या दिवसानंतर मारणंबी सोडलं. लोकांना लई वाटायचं, पोरीपायी घरात बसतो म्हणून. — ते लिहून राहिलात? लिहा, खोटं न्हाई ते.

हुशार मात्र व्हती. व्हती म्हणजे, हाय. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, गणितात कॉलेजात पहिली. बोअरच्या गाडीवरची माणसं घालतात ना कानावर ते जाड, डब्यासारखं, तसलं मामानं कुठून तरी आणून दिलतं तिला. ते घालून रेल्वे फाटकाच्या कडंकडंनं जायची, दुपारी, रस्त्यावर कोणी नसताना. मला बघितलं की मान हलवायची. आनंददादा म्हणायची. — न्हाई, आधी कधी कोणावर हात उचलला न्हाई. त्या शाळेतल्या बाईला चावली तेवढंच. न्हाई, आमच्यात भांडण न्हाई काही. म्हणून तर म्हणतो, वेडाचा झटका. तुम्ही एवढंच लिहून द्या की पोरगी खतरनाक हाय, मोकळी सोडण्यासारखी न्हाई. मी चाळीस लोकांसमोर मार खाल्लाय, पोरीच्या हातचा. भोकरात तोंड दाखवायची सोय राहिली न्हाई. लोक गाडी ठरवायला येतात आन् हाताकडं बघून हासतात.

— कोणी आधी सांगितलं व्हतं का? काय? आवाजाचं? न्हाई. कोणी न्हाई. मला काय माहीत आज कोणाच्या घरात काय चालू हाय — म्हणजे, मामा आलते. आदल्या दिवशी. आलते, पण ते सांगणं म्हणजे काय सांगणं न्हाई. मी शेडमधी तारा जोडून राहिलतो. मामा दारात उभे, आत येईनात. म्हणले, आनंदराज, उद्या परण्या, नवरदेवाची वरात, आपल्याच गल्लीतून जाणार, पोरीची परीक्षा हाय परवा, नवरदेवाच्या घरच्यांना मी फोनवर बोललो, ते म्हणले डीजेवाल्याला बोला. घरासमोरून जाताना तेवढा बंद ठेव, दोन मिनिटं, विहिरीपासून ते किराणा दुकानापर्यंत. हात जोडले. आता बापाच्या वयाचा माणूस हात जोडतो म्हणल्यावर आपण काय म्हणणार? हाव म्हणलं. मामा, काळजी करू नका म्हणलं. — हाव, म्हणजे कबूल केलतं. पण मॅडम, परण्या माझ्या बापाचा व्हता का? धर्माबादचं वऱ्हाड, प्रीतम म्हणून नवरदेव, त्याचे दोस्त सकाळपासून नाचायला आलेले. त्यांनी ऐकायला पाहिजे ना.

त्यांना कसं कळलं? कळलं — कळतंच की गावात. चहाच्या टपरीवर बोलणं निघालं. — मीच काढलं, दुसरं कोण काढणार? गंमत म्हणून. ते इचारू लागले, अन्ना, कुठं थांबायचं, कुठं जरा दणका द्यायचा, तर मी म्हणलं सगळीकडं देऊ, फक्त एका घरापुढं न्हाई. कामून न्हाई? म्हणून सांगितलं. कानझाकी हाय तिथं एक. तर नवरदेवाचा मावसभाऊ, ताडमाड, गॉगलवाला, तो म्हणतो, मंग तिथंच तर मजा हाय, अन्ना, बघू बाहेर येती का. सगळे हासले. मीबी हासलो. तुम्ही अशा बघू नका. चहा पिताना माणूस हासतो, त्यात काय ठरवून केलेलं नसतं.

मंग परण्या निघाला, अकराच्या सुमाराला, ऊन हे असं. पुढं गाडी, मागं पोरं, त्याच्या मागं नवरदेव. विहिरीजवळ आलो तवा मी आवाज कमी केलता, इमानानं सांगतो, हात स्लायडरवरच व्हता. तर बराबर साहेबराव मामाच्या घरापुढं गाडी बंद पडली. — पडली म्हणजे पडली, गाडी जुनी हाय. दोन-चार मिनिटं. — व्हिडिओ? कोणाकडचा व्हिडिओ? — अकरा मिनिटं? असंल अकरा. नाचताना कोण घड्याळ बघतं? — ड्रायव्हर? हाव... तो गाडीच्या पुढं नाचून राहिलाय व्हिडिओत. गाडी बंद पडली तर ड्रायव्हर नाचत कामून व्हता, बराबर इचारलं तुम्ही. पोलिसांनी हे इचारलं न्हाई. — मी म्हणलं त्याला. चावी काढ म्हणलं. त्या मावसभावानं गाडीवर चढून माझ्या खांद्यावर हात टाकलता आन् सगळ्यांसमोर म्हणला, एका पोरीला भेतो का अन्ना, डीजे चालवतो का पाळणा हलवतो? आता तुम्ही सांगा. बारा वर्षं झाली मला ह्या धंद्यात. चाळीस पोरं तोंडाकडं बघून राहिलेली. चार बेस, ते मोठाले स्पीकर, एका बाजूला फिरवून घेतले. — कोणत्या बाजूला म्हणजे? घराच्या.

दारापासून गाडी किती लांब व्हती? ह्या भिंतीपासून त्या झोपाळ्यापर्यंत, एवढंच. गल्ली अरुंद हाय. पत्रा हादरून राहिलता, खिडकीच्या तावदानाला तडा गेला, ते मला वरून दिसलं. लाल-हिरवे लाइट दिवसा कोण लावतं, पण लावले. दोन सुतळी बाँब कोणीतरी उंबऱ्याजवळ लावले — मी न्हाई लावले, ते खरंच मी न्हाई. मामा बाहेर आले, दोन्ही हात वर करून काही सांगू लागले, तोंड हलताना दिसायचं, आवाज कुठं येतो? कोणीतरी ढकललं त्यांना. पडले. चष्मा पायाखाली गेला. ते जमिनीवर चाचपडून राहिले तर पोरं त्यांच्याभोवती गोल करून नाचू लागली, म्हातारा नागीण करून राहिला म्हणून.

मंग ती आली. — बत्ता न्हाई तवा. तवा रिकामीच आली. हे व्हिडिओत न्हाई का? मंग... न्हाई, सांगतो, सांगितलं पाहिजे. कानावर ते डबे व्हते, डब्यांवरून वरती हात दाबलेले, कोपरं अशी पुढं. नाकातून रगत येऊन राहिलतं, तिनं भिंतीवर डोकं आपटलं असंल आत, कपाळ फुटलेलं. तशी गर्दीतून आली. अंगाला धक्का लागला की आख्खी पोरगी अशी थरथरायची, मांजरावर पाणी टाकल्यासारखी. गाडीजवळ आली आन् वर बघून म्हणली, आनंददादा, बंद करा. व्हटावरून कळलं. आनंददादा, बंद करा, आनंददादा, बंद करा. तीन-चार वेळा. — मी काय केलं? माइक हातात व्हता, मॅडम. माइक हातात असला की माणूस बोलतोच. मी म्हणलं, आली रे आली, कानझाकी आली. सगळी गल्ली हासली. मावसभावानं तिच्या कानावरचे ते डबे काढून घेतले आन् स्वतःच्या डोक्यावर घातले आन् नाचू लागला. ती ओरडली तेवढी. तसलं ओरडणं मी जल्मात ऐकलं न्हाई. डुकराला मारतात तवाबी तसलं न्हाई येत.

घरात गेली, बत्ता घेऊन आली आन् सरळ गाडीवर चढली.

म्हणजे तुम्ही म्हणता, ते डबे काढेपर्यंत ती सांगूनच राहिलती? बापाला पाठवून, स्वतः येऊन, तोंडानं — सांगायचे सगळे मार्ग झाल्यावर हात उचलला. असं लिहिणार तुम्ही. — मला काय माहीत, तुमच्या शास्त्रात काय म्हणतात त्याला. मला एवढं माहीत की माझं हाड मोडलं. मोडल्यावर माणूस माणूस राहत न्हाई. मी वरून खाली पडलो आन् ओरडलो, धरा तिला, मारा. हाव, म्हणलो मी मारा. मंग काय, पोरं तयारच व्हती. बत्ता हिसकावला. केसाला धरून गाडीमागं आणली. पहिली लाथ पोटात, मंग पाठीत, मंग कोणाची कुठं, काही कळंना. गळ्याजवळचं हाड मोडलं तिचं, तुमच्या कागदात असंल. एक जण चप्पल काढून तोंडावर मारून राहिलता. मामा मधी आले तर त्यांचा दात पडला. ती कुठं झाकती तर — पोट न्हाई, तोंड न्हाई. कान. लाथा खाऊन राहिली आन् हात कानावरचे काढंना. तेच मला सहन झालं न्हाई, मॅडम. तुम्हाला सांगतो. हाताला आग लागलेली, गालातून रगत गळून राहिलेलं, आन् ती पोरगी मारालाबी भीक घालंना. मार तिच्या हिशोबात नव्हताच. मला दिसून राहिलतं, ती आवाजाला भेती, आम्हाला न्हाई.

— ते काय विचारता पुन्हा? कानाला काय झालं, ते गर्दीत कळतं का? कोणीतरी थापडा मारल्या असतील. — पडदा शाबूत हाय? दोन्ही? थापडेनं पडदा फाटतो, आन् हिचा पडदा शाबूत, आतली नसच गेली... दोन्ही कानाची सारखी... उजवा पार गेला. डाव्यात थोडं राहिलं. आन् त्या थोड्यातून जे येतं ते आधीपेक्षाबी जास्त लागतं, असं असतं व्हय? कमीबी ऐकू येतं आन् जास्तबी लागतं. दोन्ही. — एवढा आवाज कुठून गेला, हे इचारता. व्हिडिओ त्या लाथांपाशी संपतो. बरं झालं संपतो.

दोघांनी तिचे हात धरले. असे, दोन्हीकडून, फाकवून. तिसरा पाठीवर बसला. बेसच्या वर टॉप असतो ना, कर्ण्यासारखं तोंड असतं त्याला, दणका बेसचा आन् सुरी टॉपची, असं म्हणतो आम्ही. एक टॉप खाली काढून ठेवला मातीत. तोंड त्याच्या तोंडाला लावलं — म्हणजे कान. आधी हा, मंग मान फिरवून तो. मिक्सर फुटला व्हता, पण वायर सरळ मोबाइलला लावता येती. उजवा हात तर लोंबकळून राहिलता माझा. डाव्यानं लावली. ह्या हातानं. आता ऐक, म्हणलं. आवाज वाढवायची कळ असती ती फिरवत फिरवत शेवटाला नेली आन् तिथंच धरून ठेवली. गाणं न्हाई लावलं, बघा. गाणं लावायचं ध्यानात आलं न्हाई. ते तपासायला शिट्टीसारखा एक सूर असतो ना, सलग, तो लावला. तिचे पाय माती उकरून राहिलते. टाचा सोलल्या. मंग थांबले पाय. तरी मी कळ धरून. मामा माझ्या पायाला चावले तवा सोडली.

— लिहिलं? हे लिहिलं तुम्ही? न्हाई मॅडम, हे तुमच्या फॉर्मसाठी सांगितलं, समजायला. आपल्यातच. हे पोलिसांना जायचं न्हाई. ते पान द्या. — मला घरी दोन लेकरं हाईत. आई हाय. मी काय रोज असं करतो का, माणसाच्या आयुष्यात एखादा दिवस असतो असला. तिला काय कमी लोकं हाईत का म्हणणारी, बिचारी म्हणून? माझं कोण म्हणणार? तुम्ही बाईमाणूस म्हणून तिच्या बाजूच्या. मी सरळ म्हणून राहिलो, पान द्या इकडं. तपासणी तिची हाय का माझी? बोला की! पान कामून दाबून धरलंय? द्या म्हणतो ना — सोडा ते — सोडा, नसता ह्याच पलस्तरानं —

...

टेबल पडलं. मुद्दाम न्हाई पाडलं. ती घंटी, ती थाळी, काय काय ठेवलतं तुम्ही त्याच्यावर —

हे कोण ओरडलं?

भिंतीपलीकडं कोण हाय, मॅडम?

— ती वरच्या वार्डात असंल, असं वाटलं मला. हितंच हाय? एका भिंतीपलीकडं? इतका वेळ मी बोलून राहिलो मोठमोठ्यानं आन् ती — हे थांबंना की. तसंच हाय, त्या दिवशीचंच, डबे काढले तवाचं. मॅडम, जा तुम्ही, तिच्याकडं जा. हा मामाचा आवाज. मामा हाईत तिच्याजवळ. जा, ते पान ठेवा तुमच्याकडं, न्हाई घेत मी. थांबवा ते. — मी येतो, पाया पडतो तिच्या, सांगतो की आनंददादा — न्हाई? बरं. माझा आवाजच न्हाई चालणार. बरं. मंग मी काय करू? दार उघडून जाऊ? दार वाजंल. पायाखाली थाळी हाय, हललो तर ती वाजंल. हितंच उभा राहू?

हाव.

हलत न्हाई. बोल—